जिल्ह्यातला पहिला बेकार

सांगलीहून निघताना माझ्याजवळ एक बॅग, दशम्यांचा डबा आणि देशाचे सगळे पंतप्रधान होते. पंतप्रधान एका लांबलचक कागदावर होते आणि तो कागद गुंडाळून मी पत्र्याच्या नळीत घातला होता. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. नांदेडच्या एका व्याख्यानमालेनं मला बोलावलं होतं आणि विषय मीच सुचवला होता : कोणाच्या राजवटीत बेकारी किती? त्यासाठी महिनाभर खपून मी तक्ता केला होता. प्रत्येक पंतप्रधानाला वेगळा रंग, आणि डावीकडून उजवीकडे चढत-उतरत जाणारी बेकारीची जाड रेघ. त्यांची नावं इथं देत नाही. दिली तर निम्मे वाचक पुढचं वाचायचे नाहीत, आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी भांडायला जातील.

"म्हणजे नांदेडच्या बेकारांना तू जाऊन सांगणार, की ते किती आहेत," नवरा म्हणाला.

"हो."

"बरं झालं. त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

त्याच्याकडे लक्ष न देता मी निघाले. वाटेत लातूरला दोन दिवस सुलोचनाकडे राहायचं होतं. सुलोचना माझी हॉस्टेलची मैत्रीण. लातूरच्या एका अडत दुकानदाराच्या घरात पडली आणि मग पंधरा वर्षं 'ये गं, ये गं' अशी पत्रं पाठवत राहिली. मिरजेहून लातूरला छोटी रेल्वे जाते. ती किती सावकाश चालते याचे विनोद आमच्याकडे पोत्यानं आहेत, त्यात भर घालत नाही. पोचले एवढंच सांगते.

लातूर

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरचा स्वतंत्र जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पेपरात रोज टँकरच्या नाहीतर गाव सोडून जाणाऱ्या माणसांच्या बातम्या यायच्या. त्या डोक्यात घेऊन मी स्टेशनबाहेर आले आणि पायच थबकले. रस्त्यावर माणूस नाही. दुकानांना कुलपं. चहाची गाडी पालथी घातलेली. दिवस चांगला वर आला होता आणि अख्ख्या शहरात मी, माझी बॅग आणि पंतप्रधान. लातूर उठून गेलं, असंच मला वाटलं. पेपरवाले म्हणत होते त्याच्याहूनही प्रकरण पुढं गेलेलं दिसतंय!

तेवढ्यात सायकलवरून एक उंच, सडपातळ माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे. सायकल भिंतीला टेकवून त्यानं हात जोडले.

"शरणार्थ. सांगलीच्या बाई न्हव का तुमी? मी मन्मथ. सुलोचनावैनीनं धाडलंय."

"अहो, गाव कुठं गेलं?" मी विचारलं.

"रानात."

"पाण्यासाठी?"

तो मनापासून हसला. "जेवाया, बाई! आज येळवस हाय. आज गावात कुत्रं बी गावायचं न्हाई."

वेळ अमावास्या हा सण आमच्याकडे नाही, त्यामुळे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. या दिवशी इथं सगळे शेतात जातात. कडब्याची खोप करून तिच्यात पूजा मांडतात आणि तिथंच जेवतात. दुकानदार, कारकून, डॉक्टर, सगळे. ज्याला स्वतःचं शेत नाही त्यानं कुणाच्याही शेतात जावं, त्याला ताट मिळतं. नवा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्यांनाही सुट्टी असते, हे मन्मथनं असं सांगितलं, जसा काही जिल्हा त्यासाठीच करून घेतला होता. माझ्या मनात आलं, आजच्या दिवशी इथं मोजणी केली तर शंभरातले शंभर बेकार निघतील आणि सगळे पोटभर जेवलेले.

त्यानं एका शेजाऱ्याचा टेंपो ठरवून ठेवला होता. आम्ही दोन कुटुंबांच्या आणि चार पातेल्यांच्या मधे बसून निलंग्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत टेंपो तीनदा थांबला आणि तिन्ही वेळा मन्मथसाठी. एका म्हाताऱ्याला त्याच्याकडून दवाखान्याचा नंबर लावून हवा होता, एकीला उद्याच्या टँकरची वेळ हवी होती आणि एका गृहस्थांना लग्नाच्या पत्रिका उदगीरला पोचवायच्या होत्या. सगळ्यांना तो "हाव, हाव, बगतो की" म्हणत होता.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं. मला वाटलं, नगरसेवक असेल.

"मी?" त्यानं छाती जरा पुढं काढली. "मी जिल्ह्यातला पयला बेकार."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. एम्प्लॉयमेंटचं, म्हणजे सेवायोजन कचेरीचं कार्ड. या कचेरीत बेकार माणसानं नाव लावायचं आणि कुठं जागा निघाली की तिथून 'कॉल' येतो. कार्डावर सुबक अक्षरात नोंदणी क्रमांक होता : १.

"जिल्हा झाला आन् हापीस उघडलं, त्या दिशी सूर्य उगवायच्या आधी जाऊन दारात बसलो. शिपाई बी आला नव्हता. पयलं नाव माजं. पेढे वाटले बगा."

टेंपोतले सगळे कौतुकानं माना हलवत होते. मला हसू आलं आणि थोडी शरमही वाटली. ज्यांची मी रेघ ओढली होती त्यातला एक जण पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

शेतात

सुलोचनाच्या सासऱ्यांचं शेत काळंभोर आणि भेगा पडलेलं. ज्वारी गुडघ्याएवढी येऊन तिथंच थांबली होती. पण खोप झकास होती, गेल्या वर्षीच्या कडब्याची. तिच्यात पाच दगड चुना लावून मांडलेले आणि समोर मडक्यात आंबील. सुलोचना मला मिठी मारून रडली, मग मी जाड झाले म्हणून हसली आणि मग तिनं मला घोंगडीवर बसवून वाढायला घेतलं. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या आणि ओल्या शेंगदाण्यांचा घट्ट मेळ, त्याबरोबर बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. मी खाण्याच्या बाबतीत संकोच करत नाही.

फक्त एक चूक झाली. आमच्याकडे कृष्णाकाठी पाहुण्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवतात, पाहुणा दोन घोट घेतो आणि उरलेलं तसंच राहतं. मी तसाच अर्धा पेला ठेवून उठले. वाढणाऱ्या एका बाईनं तो पेला काही न बोलता उचलला आणि त्यातलं पाणी जपून बैलाच्या बादलीत ओतलं. त्यानंतर लातुरात असेपर्यंत मी पेल्याचा तळ बघितल्याशिवाय उठले नाही.

त्या बाईचं नाव रत्नमाला. मन्मथची बायको. बुटकी, हसरी, दहावीपर्यंत शिकलेली. सकाळी तिनं तीन घरच्या भाकरी केल्या होत्या, आणि एरवी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तिला तिच्या कामाबद्दल विचारलं तर म्हणाली, "काम? मी कुटं काम करते अक्का? मी घरीच असते."

जेवणं झाल्यावर नळीत काय आहे, असा प्रश्न निघालाच. मी तक्ता घोंगडीवर पसरला. पंधरा-वीस माणसं भोवती वाकली. मग सुलोचनाचे सासरे, ज्यांना सगळे वैजनाथअप्पा म्हणतात, त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"हितं पानी चांगलं व्हतं."

"कसलं पाणी?"

"हिरीचं. ह्यो हिरवा हाय त्याच्या राज्यात पानी वर हाय. ह्यो निळा आला आन् पानी तळाला गेलं. निळा कुचकामाचा."

मी समजावलं, की हे विहिरीचं पाणी नाही, बेकारी आहे. रेघ वर गेली म्हणजे वाईट आणि खाली आली म्हणजे चांगलं. त्यावर फार नाराजी पसरली. वर जाणं वाईट हे त्या वर्षी त्या शेतात कुणाला पटणं शक्य नव्हतं. दोघं-तिघं कागदाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले आणि तिथून उलटा बघून म्हणाले, आता बरोबर दिसतंय.

मग वाद पेटला. हिरव्याच्या बाजूचे तिघे, निळ्याचे दोघे, आणि एक जण नुसताच तांबड्याला शिव्या देणारा. वैजनाथअप्पांनी सगळ्यांना गप्प केलं.

"तुमच्या कागदावर निजाम का न्हाई, बाई?"

"तेव्हाचे आकडे मिळत नाहीत, अप्पा."

"आकडे कशाला पायजेत? मी व्हतो की. निजामाच्या राज्यात एक मानूस बेकार नव्हता." त्यांनी रेघेवरचं बोट उचललं. "समदे बेगारीत व्हते. पाटलाचा मानूस दारात आला की निघायचं. पगार न्हाई, भाकर न्हाई. तवा कुणी बेकार व्हऊन दाखवायचं व्हतं!"

एका अक्षराचा फरक. मी वीस वर्षं बेकारी शिकवते आहे, पण हा शब्द माझ्या तासाला कधी शेजारी आला नव्हता. मी वही काढायला वळले, आणि माझ्या कोपराचा धक्का आंबिलीच्या मडक्याला लागला.

घट्ट, आंबट, लसणाची आंबील. ती पहिल्या पंतप्रधानापासून सुरू झाली आणि सगळ्यांना एकसारखा न्याय देत शेवटच्यापर्यंत गेली. हिरवा निळ्यात मिसळला, निळा तांबड्यात. माझा महिना गेला. मी रडायच्या बेतात होते, पण सगळे एवढ्या मोठ्यानं हसत होते की मलाही हसू फुटलं. निळ्याच्या बाजूचा एक जण म्हणाला, "आता कसं, समदे सारके झाले."

तक्ता कडब्यावर वाळत घालताना मन्मथ माझ्याजवळ आला. त्याचा आवाज आता टेंपोतल्यासारखा नव्हता.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. एक इचारू? माजा नंबर पयला. तरी कॉल माज्या मागच्याला येतो. एका शाळंत ल्याबमधली जागा निघालीय, सोमवारी यादी जाणार. त्याच्यात बी माजं नाव न्हाई. संक्रांतीला नोकरीचं वय सरतंय माजं. मग कार्ड असून बी कामाचं न्हाई. कुटं चुकून राहिलंय?"

मी विचारलं, जिल्हा होण्याआधी कुठं नाव लावलं होतं का? लावलं होतं, तो म्हणाला. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला, मॅट्रिक झाल्या झाल्या. मग ते इकडं बदलून का नाही आणलं?

"बदलून आणलं तर पयला नंबर कसा मिळंल? बाकीचे लोक बदलीवाल्यांच्या लाईनीत हुबे होते. मी नव्याच्या लाईनीत लागलो. आपला जिल्हा झाल्यावर जुन्या जिल्ह्याचं कशाला उराशी धरायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉल नंबरावर येत नाही, तारखेवर येतो. ज्यांनी जुनी नोंद बदलून आणली त्यांच्या जुन्या तारखा त्यांच्याबरोबर आल्या आणि याच्या पुढं जाऊन बसल्या. हा मात्र एका नंबरासाठी नऊ वर्षं टाकून आला होता. मी हे सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि टेंपोच्या चाकातली हवा बघायला गेला, हवा चांगली असताना.

रत्नमाला खोपीमागं भांडी पुसत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"अक्का, ते जुनं कार्ड चालू असंल तर?"

"ते कसं चालू असेल? ठरल्या मुदतीत नवं करावं लागतं."

"केलंय की मी." ती अगदी हळू बोलत होती. "माजा भाऊ धाराशिवला हाय. दर टायमाला त्याच्याकडून करून घेते. तांदळाच्या डब्यात हाय कार्ड. ह्यांना सांगू नका. ह्यांनी लई अभिमानानं सोडलंय ते. मी चोरून चालवलं, असं कळलं तर वाईट वाटून घेतील."

गुपित माझ्या पोटात राहत नाही. नवरा म्हणतो, तुला सांगण्यापेक्षा पेपरात द्यावं, निदान शाई तरी लागते. परतीच्या टेंपोत, बरोबर बांधून दिलेले उंडे संपायच्या आत, मी सगळं बोलून बसले.

मन्मथ रागावेल असं मला वाटलं होतं. तो बायकोकडं वळला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्हंजे," तो म्हणाला, "मी दोन जिल्ह्यांत बेकार हाय?"

टेंपो हसण्यानं हलला. मी मात्र मनात हिशेब करत होते. माझा तक्ता अशाच कचेऱ्यांच्या नोंदींवरून केलेला होता. माझ्या तक्त्यात नवा जिल्हा झाल्याच्या सुमारास बेकारीच्या रेघेला एक छोटी उसळी होती. त्या उसळीवर मी भाषणात एक अख्खा परिच्छेद लिहिला होता आणि त्या वेळच्या सरकारला त्यात चांगलंच धारेवर धरलं होतं. त्या उसळीत निदान एक मन्मथ जास्तीचा होता, आणि तीन घरच्या भाकऱ्या करून खडी फोडणारी रत्नमाला कुठंच नव्हती.

कचेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कचेरीत. काउंटरवरचे कारकून चष्मा कपाळावर ठेवणारे, मवाळ गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली आणि एक सुस्कारा सोडला.

"होईल. जुनी तारीख धरली तर सोमवारच्या यादीत नाव बसतं. धाराशिवच्या नोंदीची खात्री मी करून घेतो. पण एका माणसाच्या दोन नोंदी ठेवता येत नाहीत. बदली करायची तर इथली रद्द."

"रद्द म्हंजे? एक नंबर?"

"एक नंबर."

"मग तो कुणाला देनार?"

"कुणालाच नाही. लाल शाईनं काट मारायची."

मला वाटलं, यात विचार कसला करायचा? सही कर आणि मोकळा हो. पण मन्मथनं कार्ड उचललं आणि प्लॅस्टिकची घडी परत नीट केली. "सोमवारी सांगतो," म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलेच. रत्नमालानं मला थांबवलं. "राहू द्या अक्का. लोक ह्यांना एक नंबर म्हनून हाका मारतात. नुसतं बेकार म्हनत न्हाईत. ते 'एक नंबर' जाईल आन् नोकरी बी न्हाई लागली, तर मागं काय राहील ह्यांच्याकडं?"

असा प्रश्न माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

नांदेड

बाई माणूस एकटी नांदेडला कशी जाईल, असा प्रश्न सुलोचनाच्या घरी निघाला. वास्तविक मी सांगलीहून एकटीच आले होते, पण ते त्यांच्या हद्दीबाहेर घडलेलं होतं. कुणाला पाठवायचं यावर चर्चाच झाली नाही. मन्मथ रिकामा होता. उदगीरच्या पत्रिका शेजाऱ्याच्या गळ्यात घालून, टँकरची रांग रत्नमालाकडे सोपवून तो शनिवारी सकाळी एसटीत माझ्याशेजारी बसला. नळी त्याच्या मांडीवर.

नांदेडला गोदावरी आहे, त्यामुळे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पात्र आटलं होतं, तरी पाणी होतं. मन्मथ घाटावर उभा राहून ते नुसतं बघत होता. दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. लांब पंगतीत सगळे जमिनीवर. रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची, हे शेजारच्या सरदारजींनी मला प्रेमानं शिकवलं. डाळ अशी होती की मी तीनदा घेतली. जेवून बघते तर मन्मथ डोक्याला रुमाल बांधून रोट्यांची टोपली घेऊन पंगतीत वाढतोय. अर्धा तास त्यानं वाढलं, मग तासभर थाळ्या धुतल्या.

"बाई," हात पुसत तो म्हणाला, "हितं एवडी मानसं काम करून राहिलीत. पगार कुणालाच न्हाई. ह्यांना कोनत्या खान्यात टाकनार?"

"सेवा," मी म्हणाले.

"आन् मी गावात करतो ते?"

मी वही काढली आणि त्याचा प्रश्न लिहून घेतला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी तक्ता टांगला. वाळल्यावर त्याला पिवळट पापुद्रा आला होता आणि लसणाचा वास पहिल्या तीन रांगांपर्यंत जात होता. आंबील कशी सांडली ते मी सांगितलं. नांदेडकर हसले. मग तयार भाषण बाजूला ठेवून मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली, जो दोन जिल्ह्यांत बेकार आहे आणि दिवसभर ज्याला उसंत नाही. आणि त्याच्या बायकोची, जी दगड फोडते आणि घरीच असते. नावं घेतली नाहीत. रेघा वर-खाली का होतात, ते मी जमेल तसं सांगितलं. पण रेघ ओढण्याआधी कुणाला मोजलं हे विचारा, एवढं त्यांच्या पदरात टाकलं. निजामाची बेगारही सांगितली. त्यावर पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी अशी मान हलवली, की माझं मानधन तिथंच वसूल झालं.

प्रश्न सुरू झाल्यावर व्हायचं तेच झालं. एक गृहस्थ म्हणाले, हिरव्यांच्याच काळात देश सुखी होता. दुसरे म्हणाले, हिरव्यांनीच वाट लावली. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. तेवढ्यात मागच्या भिंतीजवळ, चपलांपाशी, मन्मथ उभा राहिला.

"एक इचारायचं व्हतं. त्यो दोन जिल्ह्यांतला बेकार. त्याच्यातला एक रद्द केला, तर तुमच्या ह्या लाईनीत किती फरक पडंल?"

खोटं बोलता आलं असतं. "काहीच नाही," मी म्हणाले. "केसाएवढाही नाही."

"दोन्ही रद्द केले तर?"

"तरीही नाही."

तो त्या पिवळ्या कागदाकडं बघत होता.

"मग बरंय," तो म्हणाला. "मला वाटून राहिलं व्हतं, लई मोठं कायतरी पुसलं जाईल." आणि खाली बसला. कुणीतरी टाळी वाजवली. त्या टाळी वाजवणाऱ्याला हे सगळं कुणाबद्दल आहे ते कळलं होतं की नाही, कोण जाणे, पण मग सगळ्यांनीच वाजवली. मी पेल्यातलं पाणी तळापर्यंत प्यायले.

रविवारी नांदेडच्या एसटी स्टँडवर आम्ही निरोप घेतला. तो लातूरच्या गाडीत चढला आणि मी माझ्या. त्यानं मला काही वचन दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढून एवढंच म्हणाला, "येळवसला या फुडच्या वर्षी. आंबील लांब ठेवू."

सांगली

संक्रांत होऊन गेली. मी तीळगूळ वाटला, पेपर तपासले, नवऱ्याला सगळं सात-आठ वेळा सांगितलं. लातूरचं पत्र येईना. मला वाटायला लागलं, त्यानं कार्ड ठेवूनच घेतलं असणार. सोमवारी तो काउंटरपर्यंत गेला असेल आणि प्लॅस्टिकची घडी नीट करून परत आला असेल. मी स्वतःला म्हणाले, त्याचा नंबर, त्याची मर्जी. पण रोज पोस्टमनची वाट बघत होते.

फाल्गुनात एक जाड पाकीट आलं. आत प्लॅस्टिकची पिशवी होती, तीच, घड्यांवर पांढरी पडलेली. तिच्यात क्रमांक एकचं कार्ड. त्यावर तिरकी लाल रेघ आणि 'रद्द' असा शिक्का. बरोबर एक चिठ्ठी, मॅट्रिकच्या वळणदार अक्षरात :

'बाईंना शरणार्थ. शाळेत रुजू झालो. काचेची भांडी धुतो, आतापर्यंत एकच फुटलं. पोरं मला सर म्हणतात, मी नाही म्हणत नाही. कार्ड जमा करावं लागतं, पण कारकून साहेबांनी रेघ मारून मला परत दिलं. म्हणाले, याच्यावर तुमच्याशिवाय कुणाचा हक्क नाही. ते तुम्हाला पाठवतो. तुमच्या तक्त्यावर लावा. आणि तुमच्या लाईनीतून दोन वजा करा. एक इथला, एक धाराशिवचा.'

चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात, उरलेल्या बोटभर जागेत, दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं :

'अक्का, एक मिळवा. मी नाव लावलंय. रत्नमाला.'